मायाळूचा रस रंग का बदलत नाही?

कर्जत स्टेशनपासून दहा-बारा किलोमीटरवर, भातखाचरांच्या कडेला असलेल्या एका माध्यमिक शाळेत काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शन होते. परीक्षक म्हणून मला बोलावले होते. आठवीतल्या एका मुलीने 'घरच्या घरी दर्शक' असा प्रयोग मांडला होता. हळद, जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस आणि मायाळूच्या पिकल्या फळांचा रस अशा तीन बाटल्या होत्या. समोर लिंबाचा रस, साधे पाणी आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी. हळद सोड्यात लाल झाली. जास्वंदीचा रस लिंबात गुलाबी-लाल आणि सोड्यात हिरवट झाला. मायाळूचा रस मात्र लिंबातही गडद किरमिजी, पाण्यातही किरमिजी आणि सोड्यातही जवळजवळ तसाच!

तक्त्यावर तिने प्रामाणिकपणे लिहिले होते : "मायाळू – रंग बदलत नाही."

मी म्हणालो, "रस शिळा झाला असेल गं. जांभळा रंग आहे म्हणजे बदलायलाच हवा."

"सर, सकाळीच काढलाय. आमच्या मांडवावरची फळं आहेत. चार वेळा केलं," ती म्हणाली.

माझे संशोधन बहुवारिकांच्या रसायनशास्त्रातले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांविषयी जे काही शाळा-कॉलेजात वाचले होते तेवढेच ठाऊक. जांभळा, किरमिजी, निळा म्हणजे अँथोसायनिन, आणि अँथोसायनिन म्हणजे आम्ल-आम्लारीनुसार रंग बदलणार, हे डोक्यात पक्के बसले होते. मी तिला त्या नोंदीचे गुण दिले नाहीत. परतीच्या लोकलमध्ये तिचे "चार वेळा केलं" हे वाक्य पाठ सोडीना. घरी येऊन पुस्तके काढली, तेव्हा कळले की चूक तिची नव्हती, माझी होती. हा लेख त्या चुकीतून जन्माला आला आहे.

वेल घराघरातला

मायाळू ठाऊक नाही असे घर कर्जत-खालापूर भागात विरळाच. विहिरीच्या कडेला, मोरीचे पाणी जाते तिथे, कुडाच्या भिंतीलगत, कारवीच्या काठ्यांवर हा वेल चढवलेला असतो. पाने जाड, मांसल, हृदयाच्या आकाराची आणि हाताला तुळतुळीत. देठ आणि खोड कधी हिरवे, कधी लालसर जांभळे. कोवळी पाने आणि शेंडे खुडून त्यांची डाळ घालून पातळ भाजी करतात, कुणी जवळा घालून करते, कुणी ताकातली. पाऊस कोसळत असताना मायाळूच्या पानांची भजी हा तर वेगळाच विषय.

मराठीत याला वेलबोंडी असेही नाव आहे. हिंदीत पोई, बंगालीत पुई, संस्कृतात उपोदकी. कारवार-गोव्याकडे वालीची किंवा वाळची भाजी म्हणतात, कन्नडमध्ये बसळे. यातल्या शेवटच्या नावाकडे जरा लक्ष द्या, कारण त्याचे शास्त्रीय नाव बॅसेला आल्बा असे आहे. बसळे आणि बॅसेला यांचे नाते उघड दिसते आणि ते खरेही आहे. मलबारातला डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात या वेलाची नोंद मल्याळी नावावरून 'बॅसेला' अशी झाली. पुढे लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन पदांची नावे दिली, तेव्हा हेच नाव उचलले. आपल्या परसातल्या वेलाचे जगभर चालणारे नाव आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी विद्वानही होते. पहिल्या खंडात त्यांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले निवेदन छापलेले आहे.

लिनियसने हिरव्या खोडाचा तो 'आल्बा' आणि लाल खोडाचा तो 'रुब्रा' अशा दोन जाती मानल्या होत्या. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन्ही एकाच जातीची रूपे मानतात. खोड हिरवे असो की लाल, पिकलेले फळ दोन्हींचे काळे-जांभळेच असते.

इंग्रजीत मायाळूला 'मलबारचा पालक' म्हणतात. तो पालक नाही. पण पालकाचा दूरचा नातेवाईक आहे, आणि आपल्या कोड्याचे उत्तर याच नात्यात दडलेले आहे.

दोन रंगांची दोन घराणी

फुलाफळांतला लाल, जांभळा, निळा रंग बहुधा अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांचा असतो. जास्वंद, गोकर्ण, जांभूळ, करवंद, वांग्याची साल, लाल कोबी या सगळ्यांत अँथोसायनिने असतात. या रेणूंचे वैशिष्ट्य असे की भोवतालच्या द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत त्याप्रमाणे त्यांची रचना बदलते. रचना बदलली की रेणू कोणत्या रंगाचा प्रकाश शोषून घेतो तेही बदलते. म्हणून आम्लात लाल, उदासीन द्रावणात जांभळट आणि आम्लारीत निळा किंवा हिरवा असे रंग दिसतात. दर्शक म्हणून जास्वंद वापरता येते ती यामुळेच.

पण सपुष्प वनस्पतींत एक मोठा गण असा आहे की ज्यातल्या बहुतेक कुलांनी अँथोसायनिने करणे सोडूनच दिले. त्या गणाचे नाव कॅरिओफायलेलीस. नाव अवघड आहे, पण मंडळी ओळखीची आहेत : पालक, चाकवत, माठ, राजगिरा, बीट, घोळ, चिनी गुलाब, गुलबक्षी, बोगनवेल, फड्या निवडुंग आणि आपला मायाळू. या सर्वांत लाल-जांभळा रंग येतो तो बीटालेन या वेगळ्याच द्रव्यांमुळे. बीटावरूनच हे नाव पडले. बीटालेनांचे दोन उपगट आहेत. किरमिजी-जांभळी ती बीटासायनिने आणि पिवळी ती बीटाझँथिने. मायाळूच्या फळातले मुख्य द्रव्य गोम्फ्रेनिन हे बीटासायनिन आहे. बीटातले मुख्य द्रव्य बीटानिन त्याचे सख्खे भावंड आहे. दोन्हींत बीटानिडिन हा गाभा तोच आणि त्याला चिकटलेला ग्लुकोजचा रेणूही तोच. फरक इतकाच की तो ग्लुकोज गाभ्याच्या शेजारशेजारच्या दोन वेगळ्या जागी जोडलेला असतो.

बीटालेन आणि अँथोसायनिन यांच्यात पायापासून फरक आहे. बीटालेनांत नायट्रोजन असतो, अँथोसायनिनांत नसतो. बीटालेने टायरोसिन या अमिनो आम्लापासून तयार होतात. अँथोसायनिने फेनिलॲलनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून, निराळ्याच वाटेने तयार होतात आणि त्या वाटेवर नायट्रोजन गळून जातो. पूर्वी बीटाच्या रंगाला 'नायट्रोजनयुक्त अँथोसायनिन' म्हणत असत. तो गैरसमज होता. झुरिचमध्ये व्हीलर आणि ड्रायडिंग यांनी १९५७ साली बीटानिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि पुढच्या काही वर्षांत त्याची रचना स्पष्ट झाली, तेव्हा हा रंग एका स्वतंत्र घराण्याचा आहे हे कळले. माझ्यासारख्या परीक्षकाने सहा दशकांपूर्वी सुटलेले कोडे वाचलेले नव्हते, इतकाच त्याचा अर्थ!

आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे ही दोन घराणी कधी एकत्र नांदत नाहीत. एकाच वनस्पतीत नैसर्गिकरीत्या अँथोसायनिनही आहे आणि बीटालेनही आहे, असे आजवर आढळलेले नाही. अँथोसायनिन बनवण्याच्या वाटेवरची सुरुवातीची यंत्रणा मायाळूच्या नातेवाइकांत शाबूत असते, पण शेवटच्या पायऱ्यांची विकरे त्यांच्यात कामाला लागत नाहीत. याच गणात कार्नेशनचे कुल अपवाद आहे. त्याच्या फुलांत अँथोसायनिनच असते.

मग मायाळूचा रस रंग का बदलत नाही? बीटासायनिनाचा रंग आम्लतेच्या मोठ्या पट्ट्यात, म्हणजे साधारण पीएच ३ ते ७ च्या दरम्यान, फारसा हलत नाही. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो आणि खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सुमारे ८.३. म्हणजे दोन्ही या पट्ट्याच्या टोकांशी, थोडेसे बाहेर आहेत. तिथे छटा किंचित जांभळट होते, पण डोळ्यात भरण्याजोगा बदल होत नाही. त्या मुलीने जे पाहिले तेच तिने लिहिले होते.

द्रावण तीव्र आम्लारी असेल तर मात्र गोष्ट बदलते. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या पुढे असतो. तिच्यात मायाळूचा रस घातला की किरमिजी रंग हळूहळू पिवळा होत जातो. पण इथेही एक मेख आहे. जास्वंदीच्या रसात होतो तो रेणूचा पवित्रा बदलणे. मायाळूच्या रसात होते ती मोडतोड. बीटासायनिनाचा रेणू दुभंगतो आणि पिवळे बीटालॅमिक आम्ल सुटे होते. लगेच लिंबू पिळले तर ते दोन तुकडे काही अंशी पुन्हा जुळू शकतात, पण रंग पूर्वीइतका परतत नाही. म्हणून मायाळूचा रस पुन्हापुन्हा वापरायचा दर्शक म्हणून बिनकामाचा आहे. 'दर्शक का नाही' हे समजावण्यासाठी मात्र याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

फळ म्हणावे ते फळ नव्हे

रस काढण्यासाठी फळ हाती घेतलेच आहे, तर ते कापून पाहू. मायाळूची फुले बारीक, पांढरट-गुलाबी, बिनदेठाची असतात आणि फुलली तरी जवळजवळ मिटलेलीच दिसतात. बहुतेक फुलांत पाकळ्या सुकून गळतात आणि अंडाशयाचे फळ होते. मायाळूत फुलाची बाहेरची वेष्टने, म्हणजे परिदले, गळत नाहीत. ती फुगून मांसल आणि रसाळ होतात आणि आतल्या खऱ्या लहानशा फळाला लपेटून टाकतात. आपण बोटांनी चिरडतो तो जांभळा गर खऱ्या फळाचा नसून या वेष्टनांचा असतो. आत एकच टणक बी असते. कोकणातल्या मुलांना काजूचे उदाहरण पटकन पटेल. काजूचे बोंड म्हणजे फुगलेला देठ, खरे फळ खाली लोंबणारी बी. मायाळूत देठाऐवजी परिदले फुगतात. पण उद्देश तोच, पक्ष्याला रसाची लाच द्यायची आणि बी दूर पोचवायची. बुलबुल ही फळे आवडीने खातात. कुंपणात न लावता उगवलेला मायाळू दिसला तर त्याचा माळी बहुधा बुलबुलच समजावा.

पाऊसभर पाने, मग फुले

मुलांना विचारा, मायाळूला फुले केव्हा येतात? बहुतेक जण सांगतील, पाऊस सरल्यावर, नवरात्र-दिवाळीच्या सुमारास. मग दुसरा प्रश्न विचारा. वेलाला हे कळते कसे?

पाऊस थांबला म्हणून, हे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. पण ते पुरे नाही, कारण रोज पाणी घातलेला वेलही त्याच सुमारास फुलतो. वेल मोजतो तो दिवसाचा प्रकाशकाळ. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवले की कित्येक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. मायाळू ही 'लघुदिनी' वनस्पती आहे. दिवस सुमारे १३ तासांहून मोठा असेल तर ती फुलत नाही.

आता हे गणित आपल्या गावाला लावू. कर्जत साधारण १८.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनचा दिवस सूर्योदय ते सूर्यास्त सुमारे १३ तास १५ मिनिटांचा आणि २२ डिसेंबरचा सुमारे ११ तासांचा असतो. दिवस १३ तासांपेक्षा मोठा असण्याचा काळ साधारण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंतचा. या काळात वेल फक्त वाढतो. ऑगस्टपासून दिवस त्या मर्यादेखाली उतरू लागतो, वेलाच्या आत फुलण्याची तयारी सुरू होते आणि पाऊस ओसरताना कळ्या दिसू लागतात. शिवाय या तालुक्यांत पावसाळ्यात ३००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. पाण्याची चंगळ आणि लांब दिवस एकाच वेळी मिळाल्यावर पाने न फुटली तरच नवल.

याचा शेतीला सरळ उपयोग आहे. जूनमध्ये लावलेला मायाळू भरपूर पाने देतो. ऑक्टोबरमध्ये लावलेला वेल मात्र लहानपणीच फुलण्याची घाई करतो, आणि फुले आली की पाने लहान व चरबट होत जातात. नियमाने शेंडे खुडत राहिले तर बगलेतून नवे फुटवे येतात आणि भाजी जास्त दिवस मिळते. बी नसले तरी अडत नाही. पेराशी कापलेला वीतभर तुकडा ओल्या मातीत खोचला की त्याला मुळे फुटतात.

वेल चढतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. काकडी, कारले, दुधी यांना तणाव असतात. मायाळूला तणाव नाहीत. त्याचे खोडच आधाराभोवती वेढे घेते. शेंडा हवेत सावकाश गोल फिरत राहतो आणि काठी लागली की तिच्याभोवती गुंडाळला जातो. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या या हालचालींवर सविस्तर निबंध लिहिला होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जगभरच्या पाहणीत सुमारे ९२ टक्के वेल उजव्या मळसूत्राप्रमाणे, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखे, वेढे घेताना आढळले. तुमच्या शाळेतला मायाळू कोणत्या बाजूने चढतो? हे पुस्तकात शोधू नका, मांडवाखाली जाऊन पाहा.

ताटातला मायाळू

वेलाचे शास्त्र झाले. पण कर्जत-खालापूरमध्ये या विषयाला एक गंभीर बाजूही आहे. या दोन्ही तालुक्यांत डोंगरउतारांवर ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. तिथल्या मुलांचे कुपोषण हा जुना प्रश्न आहे. भाताच्या लावणीनंतर, जुलै ते सप्टेंबर या काळात घरातले धान्य संपत येते. हीच टंचाई ओळखून कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यांमध्ये धान्य बँकांचे काम उभे केले. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे कुटुंब घरी असते आणि धान्य कमी असते तेच महिने मायाळूच्या भरभराटीचे असतात. वेल पोट भरत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. १०० ग्रॅम पानांत ९३ टक्के पाणी असते आणि ऊर्जा जेमतेम १९ किलोकॅलरी. भाताची जागा तो घेऊ शकत नाही. भातात जे नाही ते मात्र तो देतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या मायाळूत क जीवनसत्त्व सुमारे १०२ मिलिग्रॅम, कॅल्शियम १०९ मिलिग्रॅम, लोह १.२ मिलिग्रॅम आणि फोलेट १४० मायक्रोग्रॅम असते. जमीन, पानाचे वय आणि ऋतू यांप्रमाणे हे आकडे बदलतात. अ जीवनसत्त्वाचा आकडा ८००० आंतरराष्ट्रीय एकक असा छापलेला असतो आणि तो डोळे दिपवतो. पण पानात अ जीवनसत्त्व नसतेच, असते ते बीटा-कॅरोटिन. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते आणि त्यात मोठी तूट येते. आजच्या हिशेबाने अन्नातले १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल धरतात. त्याप्रमाणे ते ८००० एकक सुमारे ४०० मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतके भरतात. तरीही हा आकडा लहान नाही. ५० ग्रॅम पानांतून २०० मायक्रोग्रॅम मिळाले तरी मुलाच्या रोजच्या गरजेचा चांगला वाटा भरून निघतो.

हे केवळ कागदावरचे गणित आहे का? तसे नाही. बांगलादेशात थेट मायाळूवरच प्रयोग झाला. हॅस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. शरीरात अ जीवनसत्त्वाचा साठा कमी असलेल्या पुरुषांना ६० दिवस रोज शिजवलेला मायाळू किंवा रताळे दिले. इतर गटांना शुद्ध बीटा-कॅरोटिन किंवा तयार अ जीवनसत्त्व दिले. मायाळू खाणाऱ्यांच्या शरीरातला एकूण साठा वाढला आणि बीटा-कॅरोटिनचे रूपांतर साधारण १० ला १ या प्रमाणात झाल्याचे दिसले. रताळ्यात हे प्रमाण १३ ला १ होते. म्हणजे बंगालची पुई आणि आपला मायाळू पानातले सत्त्व खरोखर अंगी लावतात. मात्र बीटा-कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून भाजी शिजवलेली हवी आणि तिला चमचाभर तेलाची फोडणी हवी. नुसत्या पाण्यात उकडलेल्या पानांतून त्याचा बराच भाग वाया जातो.

लोहाबद्दल मात्र सावध असावे. 'पालेभाजी खा, रक्त वाढेल' हे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. १.२ मिलिग्रॅम लोह फार नाही आणि वनस्पतींतले लोह कमी प्रमाणात शोषले जाते. आंबट पदार्थाने, विशेषतः क जीवनसत्त्वाने, ते शोषण वाढते. क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून लिंबू पिळायचे ते भाजी उतरवल्यावर. रक्तक्षय झालेल्या मुलीला मायाळूच्या भरवशावर ठेवू नये, तिला आरोग्य केंद्रात न्यावे आणि लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नयेत. कॅल्शियमचेही तसेच. पानात ऑक्झॅलेट असल्याने त्यातले काही कॅल्शियम अविद्राव्य स्फटिकांत अडकून पडते आणि शरीराला मिळत नाही. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ही भाजी बेताने खावी.

आता बुळबुळीतपणा. मुले मायाळू टाळतात ती यासाठीच. हा माझ्या विषयाचा भाग असल्याने थोडे सांगतो. पानांत शर्करांच्या लांबच लांब साखळ्यांची बहुवारिके असतात. ती पाणी धरून फुगतात आणि द्रावण चिकट होते. भेंडीचा बुळबुळीतपणा याच जातीचा. चिंच, आमसूल किंवा ताक घातले की आम्लामुळे साखळ्यांवरचे विद्युतभार कमी होतात, त्या एकमेकींना कमी दूर लोटतात, आकसतात आणि चिकटपणा उतरतो. डाळ घातली की उरलेला चिकटपणा तिच्या दाटपणात मिसळून जातो. भजीत तर तो जाणवतही नाही. आपल्या आज्यांनी हे रसायनशास्त्र शब्दांवाचून वापरले आहे.

शाळेच्या पोषण आहारासाठी परसबाग असेल तर चार मेढी रोवून मायाळूचा एक मांडव सहज होतो. मोरीचे साधे पाणी त्याला पुरते, साबणाचे मात्र टाळावे. पानांवर गोल ठिपके पडले तर ती पाने काढून टाकावीत. मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा उपद्रव. पुढच्या वर्षी जागा बदलावी.

करून पाहा

१. जास्वंद, गोकर्ण, बीट, लाल माठ, बोगनवेलीची रंगीत पाने, गुलबक्षी आणि मायाळूची फळे यांचे रस वेगवेगळे काढा. प्रत्येकाचे चार भाग करून लिंबू, पाणी, खाण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी यांत घाला. निवळी शिक्षकांनीच हाताळावी, ती डोळ्यांत जाऊ देऊ नये. कोणते रस एका घराण्याचे आहेत ते मुलांना ठरवू द्या, उत्तर आधी सांगू नका.

२. मायाळूचा रस दोन नळ्यांत घ्या. एक गरम पाण्यात ठेवा, दुसरी तशीच. रंग किती वेळात फिका पडतो ते नोंदवा. जास्वंदीच्या रसाशी तुलना करा.

३. जूनपासून दर पंधरवड्याला कॅलेंडरमधून सूर्योदय-सूर्यास्त पाहून दिवसाची लांबी आलेखावर मांडा. पहिली कळी दिसेल त्या दिवशी आलेखावर खूण करा. रात्रभर दिवा जळतो त्या खांबाखाली एक वेल आणि अंधारात दुसरा असे लावता आले तर दोघांच्या तारखा ताडून पाहा.

४. वीस वेलांचे वेढे कोणत्या बाजूचे आहेत ते मोजा.

त्या शाळेच्या विज्ञानशिक्षकांना मी पत्र लिहिले. माझी चूक कळवली, त्या नोंदीचे गुण द्यावेत अशी विनंती केली आणि हे सगळे स्पष्टीकरण सोबत जोडले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. गुण दिले होते. सोबत वहीच्या पानावर मुलीच्या अक्षरात एक तक्ता होता. तिने स्वतःच लाल माठ आणि बोगनवेल करून पाहिले होते, आणि दोन्हींपुढे लिहिले होते : "रंग बदलत नाही." खाली एक प्रश्न होता : "सर, मग लाल कोबी बदलतो आणि लाल माठ बदलत नाही, हे पुस्तकात का लिहीत नाहीत?"

तिचा प्रश्न रास्त आहे. पुस्तकात येईपर्यंत आपण ते वर्गात करून दाखवायला हरकत नाही. तुमच्या मुलांचे तक्ते काय सांगतात ते जरूर कळवा, विशेषतः जे आमच्या म्हणण्याशी जुळत नसतील ते.